स्वप्नवही : सकाळी उठल्या उठल्या लिहायची पाच मिनिटं



'आज काय लिहू?' हा प्रश्न आपल्या वर्गात रोज कोणीतरी विचारतंच. निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला की अर्धी मुलं पेन तोंडात धरून खिडकीबाहेर बघत बसतात. 'माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही' असं म्हणणाऱ्या मुलाकडेही एक गोष्ट मात्र असते, जी दुसऱ्या कोणाकडेच नसते. ती म्हणजे त्याला काल रात्री पडलेलं स्वप्न. त्यात पाठांतर नसतं, गाईडमधलं उत्तर नसतं आणि चूक-बरोबरही नसतं.

आज आपण 'स्वप्नवही' हा उपक्रम समजून घेऊ. स्वप्नं का विसरतात, ती लक्षात राहावीत म्हणून काय करायचं, वही कशी लिहायची आणि मुलांसोबत हे करताना कोणती काळजी घ्यायची, असे चार भाग आहेत. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो कृपया वगळू नका.

१. 'मला स्वप्नंच पडत नाहीत'

असं सांगणारी माणसं तुम्हाला घरोघरी भेटतील. खरं म्हणजे बहुतेकांना स्वप्नं पडतात, पण ती आठवत नाहीत.

हे कळलं कसं? अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली झोपेचा अभ्यास करत होता. झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांखाली मधूनमधून भराभर हलतात, असं त्याच्या लक्षात आलं. त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाही यंत्राच्या तारा जोडून पाहिलं होतं. हा शोध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेच्या या टप्प्याला 'रॅपिड आय मूव्हमेंट' म्हणजे 'आरईएम' झोप म्हणतात. आपण तिला 'जलद नेत्रहालचालींची झोप' म्हणू.

पुढे १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी एक साधा प्रयोग मांडला. झोपलेल्या माणसांना वेगवेगळ्या टप्प्यांवर उठवायचं आणि स्वप्न आठवतं का ते विचारायचं. डोळे हलत असताना १९१ वेळा उठवलं, त्यांपैकी १५२ वेळा स्वप्न सांगता आलं. डोळे शांत असताना १६० वेळा उठवलं, तेव्हा फक्त ११ वेळा. म्हणजे स्वप्न आठवणं हे 'आपण कोणत्या क्षणी जागे झालो' यावर फार अवलंबून असतं.

२. पहाटेचंच स्वप्न का आठवतं?

'पहाटेचं स्वप्न खरं होतं' असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं होतं की नाही हा विषय बाजूला ठेवू. पण पहाटेचंच स्वप्न जास्त आठवतं, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि तिचं कारणही सांगता येतं.

आपली झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये चालते. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप आणि मग स्वप्नांची झोप येते. रात्रीच्या सुरुवातीला गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि स्वप्नांची झोप काही मिनिटांचीच. जसजशी पहाट जवळ येते तसं हे उलटं होत जातं. शेवटच्या फेऱ्यांत स्वप्नांचा टप्पा बराच लांबतो आणि बऱ्याचदा आपण त्यातूनच जागे होतो. म्हणून ते स्वप्न हाताशी राहतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रात्री उशिरा झोपून पहाटे गजराने उठणाऱ्या मुलाची झोप नेमकी स्वप्नांच्या बाजूने कापली जाते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सकाळच्या सत्रातली पेंगणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याची सूचना काढली, तिच्यामागेही मुलांच्या अपुऱ्या झोपेचाच मुद्दा होता. त्यामुळे स्वप्नवहीची पहिली पायरी म्हणजे वेळेवर झोपणं. झोप पूर्ण नसेल तर पुढच्या युक्त्यांचा फारसा उपयोग नाही.

३. आपण विसरतो का?

डिमेंट आणि क्लाइटमन यांच्या त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. स्वप्नांचा टप्पा संपून आठ मिनिटांहून जास्त वेळ गेला की स्वप्न क्वचितच आठवायचं. म्हणजे आठवण टिकण्याची मुदत मिनिटांत मोजायची आहे.

स्वप्नाच्या झोपेत मेंदू बराच जागा असतो, पण नवीन आठवणी पक्क्या करायला जी रसायनं मदत करतात त्यांपैकी काहींचं प्रमाण तेव्हा फार कमी असतं. त्यामुळे स्वप्न पाटीवर ओल्या बोटाने काढलेल्या चित्रासारखं असतं. वाळायच्या आत बघून घ्यावं लागतं. त्यातच उठल्याबरोबर आपण मोबाइल हातात घेतो, किंवा स्वयंपाकघरातून 'अरे उठ, रिक्षावाले काका येतील!' अशी हाक येते. नवीन माहिती डोक्यात शिरते आणि जुनं पुसलं जातं.

आणखी एक निरीक्षण आहे. फ्रान्समधल्या संशोधकांना असं आढळलं की ज्यांना रोज स्वप्नं आठवतात ती माणसं रात्री मधूनमधून थोडी जास्त जागी होतात. त्या छोट्या जागेपणात स्वप्न टिपलं जातं. म्हणून स्वप्न आठवत नसेल तर काळजीचं काही कारण नाही. कदाचित तुमची झोपच छान सलग लागत असेल.

४. ज्यांनी वह्या ठेवल्या

मुलांना उपक्रम सांगताना गोष्ट हाताशी असलेली बरी. या तीन गोष्टी वर्गात सांगता येतील.

*पहिली गोष्ट :* फ्रान्समधल्या एर्वे द सें-देनी यांनी साधारण तेराव्या वर्षी स्वप्नांची वही सुरू केली. चित्रंही काढली. सुरुवातीला कितीतरी रात्री कोऱ्या जात. पण काही महिन्यांत जवळजवळ रोजचं स्वप्न आठवू लागलं. पुढे १८६७ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. मुलांना सांगायचं ते इतकंच, की आठवणं ही सवय आहे आणि ती लावता येते.

*दुसरी गोष्ट :* मेरी व्हिटन कॅल्किन्स या अमेरिकेतल्या प्राध्यापिका. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने काही आठवडे रात्रीच्या वेगवेगळ्या वेळी गजर लावून उठायचं ठरवलं आणि लगेच स्वप्नं लिहून काढली. दोघांची मिळून ३७५ स्वप्नं जमली. १८९३ मध्ये त्यांनी या नोंदींचा हिशेब मांडला. बहुतेक स्वप्नांचा धागा रोजच्या जगण्यातल्या माणसांशी, जागांशी जोडलेला निघाला. आपली म्हण आहेच, मनी वसे ते स्वप्नी दिसे. याच कॅल्किन्सबाई पुढे १९०५ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

*तिसरी गोष्ट मुलांना सर्वात जास्त आवडते.* ऑस्ट्रियातले शास्त्रज्ञ ओटो लोवी यांना एका रात्री झोपेत प्रयोगाची कल्पना सुचली. अर्धवट झोपेतच त्यांनी ती कागदाच्या चिटोऱ्यावर खरडली आणि परत झोपले. सकाळी बघतात तर स्वतःचंच अक्षर वाचता येईना! दिवसभर डोकं खाजवलं, काही उपयोग नाही. सुदैवाने दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा सुचली. या वेळी ते लिहीत बसले नाहीत, थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा वेग मज्जातंतूद्वारे मंद केला, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंद झालं. मज्जातंतू रसायनांमार्फत निरोप पाठवतात हे त्यातून सिद्ध झालं. हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. 'अक्षर सुधारा' हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही!

एक मात्र आवर्जून सांगा. लोवी त्या प्रश्नावर जागेपणी खूप वर्षं विचार करत होते. अभ्यास न करता स्वप्नात उत्तर सापडत नाही.

५. वही कशी ठेवायची? (आधी मोठ्यांनी करून बघा)

मुलांना सांगण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी दोन आठवडे स्वतः वही ठेवावी. स्वतः केल्याशिवाय अडचणी कळत नाहीत.

१) एक साधी शंभर पानी वही आणि पेन्सिल उशाशी ठेवा. पेन आडवं पडून लिहिताना अडतं, पेन्सिल अडत नाही. मोबाइलवर लिहू नका. स्क्रीन उघडली की आधी निरोप दिसतात आणि स्वप्न जातं.

२) झोपण्यापूर्वी वहीत उद्याची तारीख लिहा आणि मनाशी म्हणा, 'सकाळी मला स्वप्न आठवायचं आहे.' हा मंत्र वगैरे नाही. पहाटे गाडी पकडायची असली की आपण गजराआधी जागे होतो ना, तसंच हे मनाला दिलेलं काम आहे.

३) जाग आली की हलू नका. डोळे मिटलेले ठेवा. ज्या कुशीवर आहात तिथेच राहा. पहिला प्रश्न 'काय दिसलं?' हा नको, 'आत्ता मला कसं वाटतंय?' हा विचारा. भावना आधी सापडते, चित्र मागून येतं.

४) शेवटचं दृश्य धरा आणि मागे मागे जा. 'याच्या आधी मी कुठे होतो? सोबत कोण होतं?' सुटलेली शिलाई उसवतो तसं टोक सापडलं की बाकीचं निघत येतं.

५) आधी चार-पाच शब्द लिहा. पूर्ण वाक्यं नंतर. 'विहीर, आजी, ओला शर्ट, उशीर' एवढं पुरतं.

६) आता ते पसरून लिहा, शक्यतो वर्तमानकाळात. 'मी विहिरीपाशी उभी आहे' असं. लिहिताना गोष्ट नीटनेटकी करू नका. स्वप्नात आजी एकदम बाई झाली असेल तर तसंच लिहा.

७) काहीच आठवलं नाही तर तेही लिहा. 'आज काही नाही, पण जरा हुरहूर वाटतेय.' पान कोरं सोडू नका. सवय मोडते ती कोऱ्या पानाने.

८) सुट्टीच्या दिवशी गजर न लावता उठा. त्या दिवशी सर्वात जास्त आठवेल. रोज मात्र मध्यरात्री गजर लावून उठण्याचा उद्योग करू नका, आणि मुलांना तर अजिबात करायला लावू नका.

जाता जाता एक जुनी नोंद. बृहदारण्यक उपनिषदात झोप आणि स्वप्न यांची चर्चा आहे. तिथे झोपलेल्या माणसाला एकदम दचकवून उठवू नये, असं लोक म्हणतात, असा उल्लेख येतो. मुलाला हलकेच उठवावं हे आजीचं म्हणणं किती जुनं आहे बघा!

६. नोंदीचा नमुना

नोंद कशी असावी हे दाखवण्यासाठी हा नमुना. असाच फळ्यावर लिहून दाखवता येईल.

> वार : मंगळवार. झोपलो : ९.४५, उठलो : ६.३०
> वाटलं : घाई, थोडी भीती, शेवटी हसू
> शब्द : एसटी, पेपर, चप्पल, मांजर
> स्वप्न : मी एसटीत बसलोय. एसटी शाळेच्या व्हरांड्यातून चाललीय. आज पेपर आहे पण माझ्या पायात एकच चप्पल आहे. दुसरी मांजराने घातलीय. कंडक्टर म्हणतो, मांजराचं अर्धं तिकीट.
> कालच्या दिवसातलं काय आलं? : काल चपलेचा अंगठा तुटला. शुक्रवारी गणिताची चाचणी आहे.
> शीर्षक : अर्धं तिकीट

शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. 'कालच्या दिवसातलं काय आलं?' यामुळे मूल स्वतःच धागा शोधतं, आणि शीर्षक देताना सगळ्या मजकुराचा गाभा काढायला शिकतं. सारांशलेखन वेगळं शिकवावं लागत नाही.

७. मुलांसोबत करताना

*वयाचा विचार करा.* डेव्हिड फोक्स यांनी मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, उठवून त्यांच्या स्वप्नांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी फार कमी वेळा स्वप्न सांगितलं, आणि सांगितलं तेही एखाद्या स्थिर चित्रासारखं. स्वतः त्यात वावरतोय अशी सलग गोष्ट साधारण सात ते नऊ वर्षांच्या दरम्यान येऊ लागते. म्हणून बालवाडी, पहिलीच्या मुलांकडून फक्त चित्र घ्या. वही तिसरी-चौथीपासून पुढे.

*प्रश्न कसा विचारता ते महत्त्वाचं.* फोक्स यांनीच मोठ्यांवरच्या एका जुन्या अभ्यासात उठवल्यावर 'स्वप्न पडलं का?' असं न विचारता 'मनात काय चाललं होतं?' असं विचारलं, तेव्हा शांत झोपेतूनही बरंच काही मिळालं. आपल्यासाठी हा मोठाच धडा आहे. हो-नाही असा प्रश्न विचारला की 'नाही' असं उत्तर येतं. मोकळा प्रश्न विचारला की मूल बोलतं.

*भाषा मुलाची राहू द्या.* घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी जे बोललं जातं त्यातच लिहू द्या. शुद्धलेखनाच्या लाल खुणा या वहीत नकोत. प्रमाण भाषेत उतरवण्याचं काम नंतर, मुलाने स्वतः निवडलेल्या एकाच स्वप्नावर करा.

*वर्गातली कामं.* आठवड्यातून एकदा, रोज नाही. एक स्वप्न वर्तमानकाळातून भूतकाळात बदला. त्यातली विशेषणं शोधा. दोघांची स्वप्नं जोडून एक गोष्ट करा. महिन्याने स्वप्नांत आलेल्या जागा मोजून स्तंभालेख काढा : घर किती, शाळा किती, रस्ता किती. मराठी आणि गणित एकाच तासात होतं.

८. तीन गोष्टी कधीच करू नका

*एक, परवानगीशिवाय वही वाचू नका.* पालकहो, हे विशेष तुमच्यासाठी. एकदा चोरून वाचलेलं मुलाला कळलं की त्यानंतर वहीत फक्त तुम्हाला आवडेल तेच येतं. वर्गातही जे मूल 'मी वाचणार नाही' म्हणेल त्याला कारण विचारू नका. आणि या वहीला गुण देऊ नका.

*दोन, अर्थ सांगू नका.* साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे घरात वाईट होणार, पाणी दिसलं म्हणजे पैसा. हे आपल्या तोंडून सहज जातं. पण दात पडल्याचं स्वप्न सांगणाऱ्या मुलाची आजी त्या वेळी दवाखान्यात असेल तर? ते मूल आपल्या स्वप्नामुळेच वाईट झालं असं धरून बसेल. कोणत्या वस्तूचा अर्थ काय याचा पक्का कोश कोणाकडेच नाही. म्हणून 'याचा अर्थ काय?' याऐवजी 'तुला काय वाटतं, हे कुठून आलं असेल?' एवढंच विचारा.

*तीन, हसू नका.* स्वप्न विनोदी असेल तर सगळे मिळून हसू. स्वप्न बघणाऱ्याला मात्र हसायचं नाही.

९. भीतीदायक स्वप्नं

पालकांनी दोन प्रकार ओळखायला शिकावं. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल किंचाळून उठतं, डोळे उघडे असतात पण आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हा गाढ झोपेतला प्रकार आहे. अशा वेळी गदागदा हलवून उठवू नका, लागणार नाही एवढं बघा आणि शांत बसा. सकाळी 'रात्री काय झालं होतं तुला?' म्हणून खोदून विचारू नका. दुसरा प्रकार पहाटेकडे घडतो. मूल पूर्ण जागं होतं, घाबरलेलं असतं आणि स्वप्न सांगू शकतं. इथे जवळ घ्या, ऐका, 'भित्रा कुठला' म्हणू नका.

दुसऱ्या प्रकारात वहीचा चांगला उपयोग होतो. दिवसा, उजेडात, मुलाला ते स्वप्न काढू द्या आणि शेवट त्याच्या मनाप्रमाणे बदलू द्या. कुत्रा मागे लागला तर त्याला साखळी लावू दे, नाहीतर कुत्राच इवलासा होऊ दे. बदललेला शेवट झोपण्यापूर्वी एकदा मनात बघायचा. वाईट स्वप्नांच्या उपचारात तज्ज्ञही हीच पद्धत वापरतात.

पण तेच भीतीचं स्वप्न आठवड्यामागून आठवडे येत असेल, मूल झोपायलाच घाबरत असेल, अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं असेल किंवा वागणं एकदम बदललं असेल, तर वही बाजूला ठेवा. स्वप्नावरून कोणावर संशय घेऊ नका, पण मुलाकडे दुर्लक्षही करू नका. निवांत बसून विचारा, 'जागेपणी तुला कशाची भीती वाटते का?' बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकांची मदत घ्या. मुलाला कोणी त्रास देत आहे असं समजलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो वर्गातही लावून ठेवा. स्वप्नवही हा उपचार नाही. पण मूल ज्या मोठ्या माणसाशी रोज दोन वाक्यं मोकळेपणाने बोलतं, त्यालाच ते अडचणही सांगतं.

१०. नेहमी येणारे प्रश्न

*किती दिवसांत आठवायला लागेल?* प्रत्येकाचं वेगळं. दोन आठवडे तरी सोडू नका.

*मुलं मनानेच रचून लिहितील, मग?* लिहू द्या. रचून लिहिलं तरी लेखनच झालं. तपासायला बसू नका.

*अभ्यासाचा वेळ जाईल का?* सकाळची पाच मिनिटं. तेवढा वेळ आपण मुलाला हाका मारण्यातच घालवतो.

*रोज लिहून मूल स्वप्नातच रमेल का?* झोप बिघडत असेल, सकाळी थकवा वाटत असेल तर काही दिवस थांबा. एरवी चिंता नको.

या आठवड्याचा उपक्रम

शिक्षकांनी : सात दिवस स्वतःची वही. नंतर एक स्वप्न वर्गात वाचून दाखवा. बाईंना आणि सरांनाही पेपर राहिल्याची स्वप्नं पडतात हे कळलं की मुलं किती खूश होतात ते बघाच.

पालकांनी : रविवारी सकाळी गजर बंद. मूल उठलं की लगेच दात घासायला पाठवू नका. पाच मिनिटं त्याच्या अंथरुणावर बसा आणि विचारा, 'काय चाललं होतं रे मनात?' मग ते बोलेपर्यंत गप्प राहा.